कुर्लीचे कूळ

शास्त्रज्ञांना दुसरे काम नसते, म्हणून ते दर दहा वर्षांनी प्राण्यांची नावे बदलत बसतात, असे आमच्या कचेरीतल्या एका सद्गृहस्थांचे ठाम मत आहे. विषय कुर्ल्यांचा निघाला होता. बाजारात येणाऱ्या मोठ्या कुर्लीचे शास्त्रीय नाव पूर्वी एक होते आणि आता दुसरे आहे, असे मी बोलता बोलता सांगितले. त्यावर ते म्हणाले, "कुर्ली ती कुर्ली. तिका आनी खंयची जात?" सगळे हसले, मीही हसलो. पण हे मत मला पटलेले नाही. का पटले नाही ते जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण असे बोलणारे ते एकटे नाहीत.

मी कला शाखेचा पदवीधर. जीवशास्त्र शाळेत शिकलो तेवढेच, बाकीचे हौसेने वाचलेले. पण वर्गीकरण हा शब्द मला परका नाही. कुठली फाईल कुठल्या कपाटात जायची हे ठरवण्यात माझी नोकरीची बरीच वर्षे गेली. कव्हरचा रंग बघून फाईल लावली तर ती चटकन लागते आणि पुढे कधी सापडत नाही. ती कोणत्या मूळ प्रकरणातून निघाली हे बघून लावावी लागते. प्राण्यांच्या वर्गीकरणाचा अडीचशे वर्षांचा इतिहास मला तरी हाच वाटतो: रंगावरून लावलेल्या फायली एकेक करून मूळ प्रकरणाकडे नेण्याचा.

बाजारात नुस्तेकान्न कुर्ली कशी दाखवते ते आठवा. ती कुर्ली उलटी करते. पोटावर एक झडप असते. अरुंद, त्रिकोणी असेल तर नर. रुंद आणि गोलसर असेल तर मादी, कारण मादीला त्या झडपेखाली अंडी सांभाळायची असतात. आपण तिला झडप म्हणतो, पण ती खेकड्याची शेपटी आहे. कोळंबीची किंवा शेवंडीची शेपटी मागे लांब पसरलेली असते, खेकड्याची आखूड होऊन पोटाखाली दुमडलेली असते. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लात्रेय याने १८०२ मध्ये खऱ्या खेकड्यांना 'ब्रॅक्युरा' हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ आखूड शेपटीचे. म्हणजे पॅरिसच्या विद्वानाने नाव ज्या अवयवावरून ठेवले, तोच अवयव म्हापशाच्या बाजारात रोज सकाळी तपासला जातो.

त्याआधी सगळा गोंधळच होता. लिनियसने १७५८ च्या आपल्या ग्रंथात खेकडे, कोळंबी, शेवंड आणि शंखात राहणारे खेकडे हे सगळे 'कॅन्सर' या एकाच प्रजातीत घातले, आणि तो अख्खा गठ्ठा ठेवला कीटकांच्या वर्गात. (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, आणि जाती म्हणजे प्रत्यक्ष तो तो जीव, असे धरून चालू.) कपाट बदलायला वेळ लागतो. दख्खनमधल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवर मुंबई सरकारच्या सेवेतले साइक्स यांचे टिपण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात. त्यात वेस्टवुड या कीटकशास्त्रज्ञाने नाव दिलेला खेकडा आज 'बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस' म्हणून ओळखला जातो.

या वेस्टवुडची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. समुद्राच्या पाण्यात तरंगणारा, डोक्यावर लांब काटा असलेला एक बारीक जीव बॉस्क या फ्रेंच अभ्यासकाने 'झोइया' नावाची स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदवला होता. दुसरा एक मोठ्या डोळ्यांचा जीव लीच या इंग्रज अभ्यासकाने 'मेगालोपा' म्हणून नोंदवला. दोघांची वेगळी खाती, वेगळ्या नोंदी. मग आयर्लंडमधल्या कॉर्क येथे राहणाऱ्या जॉन व्हॉन थॉम्पसन नावाच्या लष्करी डॉक्टरने हे जीव पाण्यात ठेवून नीट पाहिले आणि १८२८ मध्ये जाहीर केले की झोइया म्हणजे खेकड्याचे पिल्लू आहे. अंड्यातून झोइया निघतो, तो कात टाकत मेगालोपा होतो, आणि मेगालोपाची मागे सरळ असलेली शेपटी पोटाखाली जाऊन खेकडा होतो. एकाच माणसाची बालपणी, तरुणपणी आणि म्हातारपणी तीन वेगळ्या नावांनी खाती उघडावीत, असे झाले होते. वेस्टवुडला हे मान्य नव्हते. त्याने एका जमिनीवरच्या खेकड्याची पिल्ले तपासली, त्यात असले रूपांतर दिसेना, म्हणून १८३५ मध्ये थॉम्पसनच्या विरोधात निबंध लिहिला. समुद्री खेकड्यांपुरता थॉम्पसन बरोबर ठरला. पण गंमत अशी की वेस्टवुडने पुढच्याच वर्षी ज्याला नाव दिले त्या दख्खनच्या खेकड्याच्या अंड्यातून खरोखरच झोइया निघत नाही. सरळ छोटा खेकडाच बाहेर येतो. त्याचे कारण पुढे येईल.

आता 'दिसतो तसा असतो' या समजुतीकडे येऊ. गोव्यात नाईक आडनावाचे लोक किती आहेत ते सांगायला नको, आणि आडनावावरून कुळ कळत नाही हेही सांगायला नको. म्हणून आपल्याकडे जुनी माणसे आडनाव ऐकून थांबत नाहीत, लगेच विचारतात, "तुमचो देव खंयचो?" मंगेशी की म्हाळसा, शांतादुर्गा की नागेशी, हे कळल्यावर नाते जुळते. उलट, आडनावे वेगळी, गावे वेगळी, एक तिसवाडीतला आणि एक पार काणकोणचा, तरी देव एकच निघतो आणि मूळ घर एकच.

खेकड्यांतही आडनावाचे खेकडे पुष्कळ आहेत. उत्तरेच्या थंड समुद्रातला प्रसिद्ध 'किंग क्रॅब' घ्या. हॉटेलच्या मेन्यूवर तो खेकड्यांचा राजा, पण खऱ्या खेकड्यांच्या कुळात त्याला जागा नाही. त्याचे पाय मोजा. आपल्या कुर्लीला नांग्या धरून पायांच्या पाच जोड्या दिसतात. किंग क्रॅबला चारच दिसतात, पाचवी जोडी बारीक होऊन कवचाखाली दडलेली असते. मादीला उलटी केली तर पोटाखालची शेपटी एका बाजूला वाकडी. शंखात राहणाऱ्या खेकड्याचे मऊ पोट शंखाच्या वळणाप्रमाणे वाकडे असते, त्याची ती खूण. शंख सोडून किती पिढ्या गेल्या, पण वाकडेपणा गेला नाही. १९९२ मध्ये जनुकीय पुराव्यानेही दाखवून दिले की किंग क्रॅबचे पूर्वज शंखात राहणारे खेकडे होते. अंदमान-निकोबारकडचा नारळ फोडणारा प्रचंड 'रॉबर क्रॅब' त्याच बाजूचा. ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडणारा घोड्याच्या नालेसारखा 'हॉर्सशू क्रॅब' तर त्याहून दूरचा, त्याचे नाते कोळी आणि विंचवांकडे जाते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत या शेवटच्या दोघांना जागा मिळाली आहे. 'क्रॅब' म्हणून कायद्याने संरक्षण दिलेले हे दोन्ही प्राणी खरे खेकडे नाहीत, हे वाचून माझ्यातल्या कारकुनाला फार मजा वाटली.

खेकड्यासारखे होण्याची ही ओढ इतकी वारंवार दिसते की बोराडेल या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये तिला 'कार्सिनायझेशन' असे नावच दिले. खेकडा होत जाणे. शरीर चपटे आणि रुंद, शेपटी पोटाखाली: हा आकार दहा पायांच्या कवचधारींमध्ये निदान पाच वेळा स्वतंत्रपणे घडला आहे, आणि काही घराण्यांनी तो मिळवून पुन्हा सोडूनही दिला आहे. तेव्हा आकार हा पुरावा म्हणून कच्चाच.

पाठीवरचे चिन्ह तर त्याहून कच्चे. आपल्याकडे मासळीत एक खेकडा येतो, त्याच्या पाठीवर क्रूसासारखी आकृती असते. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा समुद्रात पडलेला क्रूस एका खेकड्याने नांगीत धरून परत आणून दिला, आणि त्यांच्या आशीर्वादाने ही खूण उमटली, अशी कथा गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत सांगतात. कथा गोड आहे आणि तिला हात लावण्याचा माझा हेतू नाही. वर्गीकरणात मात्र हा 'कॅरिब्डिस फेरिआटा' पोहणाऱ्या खेकड्यांच्या कुलात बसतो. पाठीवर तीन लाल ठिपके असलेला बाजारातला खेकडा त्याचा भाऊबंद, आणि खाजनातली कुर्लीही त्याच जुन्या घरातली.

मग खऱ्या खेकड्यांचे कूळ ठरवायचे कशावरून? पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयातल्या दानिएल गिनो या विदुषींनी १९७७ च्या सुमारास जे केले ते पुन्हा आपल्या नुस्तेकान्नीसारखेच. त्यांनी खेकडे उलटे करून पाहिले. फक्त झडपेवर थांबल्या नाहीत, नर आणि मादी यांची जननछिद्रे नेमकी कुठे आहेत ते पाहिले. काही खेकड्यांत दोघांचीही छिद्रे पायांच्या बुडाशी असतात. बहुसंख्यांत मादीचे छिद्र छातीच्या पाटीवर सरकलेले आणि नराचे पायाच्या बुडाशीच राहिलेले. आणि तिसऱ्या गटात दोघांचीही छातीच्या पाटीवर. या तीन पायऱ्यांवरून त्यांनी तीन विभाग केले. पाठीवर स्पंजाचा तुकडा धरून फिरणारे खेकडे पहिल्यात, खाजनातली कुर्ली दुसऱ्यात, वाळूत बिळे करणारे पांढुरके खेकडे आणि एकच नांगी मोठी असलेले चिखलातले खेकडे तिसऱ्यात.

पुढे जनुके वाचता येऊ लागली तेव्हा या मांडणीतला पहिला विभाग फुटला. त्यातले खेकडे हे एक घराणे नाही, मूळ झाडाच्या बुंध्याजवळून वेगवेगळ्या वेळी निघालेल्या त्या जुन्या फांद्या आहेत. बाकीचे दोन विभाग जवळचे, त्यांच्यातही डागडुजी चालूच आहे. इथे आमचे सद्गृहस्थ म्हणतील, बघा, पुन्हा बदलले! माझे म्हणणे नेमके उलट आहे. गिनो यांनी आपली कसोटी स्पष्ट लिहून ठेवली होती, म्हणून ती तपासता आली. जे नाव पुराव्यावर उभे असते तेच पुराव्याने बदलू शकते. २००८ मध्ये गिनो, सिंगापूरचे पीटर एंग आणि ऑस्ट्रेलियाचे पीटर डेव्ही यांनी जगातल्या जिवंत खऱ्या खेकड्यांची यादी काढली, तेव्हा ती ६,७९३ वर गेली. आज हा आकडा सात हजारांच्या पुढे आहे. एवढ्या खातेवह्यांत दुरुस्त्या होणार नाहीत अशी अपेक्षा ठेवणारा माणूस कधी रेकॉर्ड रूममध्ये बसलेला नसावा.

आता ज्या कुर्लीवरून वाद झाला तिच्याकडे येतो, कारण तिथे हा प्रश्न पुस्तकाबाहेर पडतो आणि आपल्या पोटापाण्यापर्यंत येतो.

खाजनातली, मानशीजवळची, सुंभाने बांधून विकली जाणारी मोठी कुर्ली. तिच्या 'सिला' या प्रजातीतल्या पहिल्या जातीचे वर्णन फोर्सकोल याने लाल समुद्रावरच्या जेद्दाहच्या नमुन्यावरून केले. ते त्याच्या मृत्यूनंतर १७७५ मध्ये छापले गेले, नाव 'सेराटा'. पुढे कोणी या प्रजातीत तीन-चार जाती मानल्या, कोणी सगळ्या मिळून एकच. आपल्याकडच्या मत्स्यव्यवसायाच्या लिखाणात अनेक वर्षे दोन नावे चालत होती. लहान ती 'सेराटा' आणि मोठी ती 'ट्रँक्वेबॅरिका', तमिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या नावावरून आलेले नाव. १९९८ मध्ये कीनन, डेव्ही आणि मान यांनी बाह्यरूप आणि जनुके दोन्ही तपासून प्रजातीत चार जाती पक्क्या केल्या. त्या कसोट्या आपल्या कुर्ल्यांना लावल्यावर असे निघाले की आपण जिला लहान 'सेराटा' म्हणत होतो ती बहुतेक 'ऑलिव्हेसिया', आणि जिला मोठी 'ट्रँक्वेबॅरिका' म्हणत होतो तीच खरी 'सेराटा'.

म्हणजे एकीचे नाव दुसरीला लागलेले. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. दोघींची वाढ वेगळी, अंगाचे माप वेगळे, वयात येतानाचा आकार वेगळा, बीळ करण्याच्या सवयी वेगळ्या. अमुक सेंटिमीटरपेक्षा लहान कुर्ली पकडू नये असा नियम करायचा झाला तर तो आकडा कोणत्या अभ्यासातून घ्यायचा? जुन्या निबंधात 'सेराटा' लिहिले आहे म्हणून लहान जातीचे माप घेऊन मोठ्या जातीला लावले, तर मोठीची पोरे वयात येण्याआधीच कायदेशीरपणे पकडली जातील, आणि नियम पाळूनही कुर्ल्या का कमी झाल्या याचा शोध घेत आपण बसू. उबवणी केंद्रातून पिल्ले आणून खाजनात पाळणाऱ्याचेही तेच. मोठी होणारी जात म्हणून पैसे मोजायचे आणि लहान राहणारी वाढवायची, हा तोटा नावातल्या चुकीचा असतो आणि दोष मात्र खाद्यावर किंवा पाण्यावर जातो. दोन माणसांच्या नोकरीच्या नोंदी एका सेवापुस्तकात चढल्या तर पेन्शनच्या वेळी काय होते ते मी पाहिले आहे. तिथे "माणूस तो माणूस" असे कोणी म्हणत नाही.

दुसरा मुद्दा डोंगरावरचा. खेकड्यांनी समुद्र एकदाच सोडला असे आपल्याला वाटते. अमेरिकेतल्या जोआना वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीनशेहून अधिक जातींच्या जनुकांवरून वंशवृक्ष उभा केला. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या हिशेबाने खेकड्यांनी समुद्र सोडण्याचे काम सात ते सतरा वेळा वेगवेगळ्या घराण्यांत केले, आणि काहींनी परतीची वाटही धरली. आपल्या सह्याद्रीतले गोड्या पाण्याचे खेकडे अशाच एका जुन्या स्थलांतराचे वंशज. यांनी समुद्राशी असलेला शेवटचा धागाही तोडला. पिल्ले झोइया होऊन पाण्यावर तरंगत नाहीत. मादी थोडीच पण मोठी अंडी घालते, आणि त्यातून निघालेली पिल्ले काही दिवस तिच्या झडपेखालीच राहतात. वर वेस्टवुडच्या गोष्टीत राहिलेले कारण हे.

याचा परिणाम मोठा आहे. समुद्री कुर्लीची पिल्ले प्रवाहाबरोबर कुठल्या कुठे जातात. डोंगरातल्या खेकड्याचे पिल्लू आईपासून चालत जाईल तेवढेच लांब. मध्ये खोल दरी आली की संपले. म्हणून एका सड्यावरचा खेकडा आणि पलीकडच्या सड्यावरचा खेकडा लाखो वर्षे वेगळे राहून वेगळ्या जातींचे होतात. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पती आणि शर्मा यांनी २०१४ मध्ये अशा रंगीत खेकड्यांसाठी 'घाटियाना' ही प्रजाती केली. २०१६ मध्ये पती, तेजस ठाकरे आणि खैरे यांनी आणखी पाच जाती नोंदवल्या, त्यातली एक मार्लेश्वरच्या नावाची. २०१८ मध्ये त्यांपैकी काही जातींना काढून 'सह्याद्रियाना' या नव्या प्रजातीत ठेवले गेले. इतक्या वर्षांत या डोंगरांत माणसे येत-जात होती, पावसाळ्यात खेकडे धरूनही खात होती, तरी हे खेकडे कागदावर नव्हते.

कागदावर नसणे म्हणजे काय हे सरकारी नोकराला विचारा. एखाद्या सड्यावर चिऱ्याची खाण किंवा रस्ता येतो, तेव्हा तिथल्या प्राण्यांच्या यादीत "खेकडे" एवढाच शब्द असला तर हरकत घ्यायला जागाच उरत नाही. खेकडे काय, सगळीकडेच आहेत. जगात फक्त याच सड्यावर असणारी जात म्हणून तिचे नाव लिहिलेले असेल तर निदान एक टिपण तरी वर जाते. गोव्याच्या वाट्याला आलेल्या सह्याद्रीत, सत्तरीपासून काणकोणपर्यंत, ओढ्याओढ्याचे खेकडे कोणी बसून पाहावेत असे मला फार वाटते. आपल्याकडे महाविद्यालये आहेत, १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलाला आहे, आणि पावसाळा तर दरवर्षी येतोच. प्राणिशास्त्राच्या मुलांना वर्गीकरणात भवितव्य नाही म्हणून त्यातून दूर सारले जाते, अशी तक्रार मी शिकवणाऱ्यांकडून ऐकतो. ती खरी असेल तर मला वाईट वाटते.

आपल्या भाषांतली नावेही याच यादीत यायला हवीत. कोणी म्हणेल, घरगुती नावांना शास्त्रात किंमत काय? किंमत एवढीच की ते पहिले टिपण असते. गोव्यात आणि मालवणात कुर्ली, मुंबईकडे चिंबोरी, घाटावर खेकडा, संस्कृतात कर्कट आणि कुलीर. ग्रीक 'कार्किनोस' आणि आपला 'कर्कट' हे शब्द एकाच मुळातले असावेत असे भाषापंडित मानतात, म्हणजे शब्दांच्याही कुळात हा प्राणी जुना. नदीकाठची माणसे चिखलातल्या, खडकातल्या, शेतातल्या खेकड्यांना वेगवेगळ्या नावांनी ओळखतात. ती नावे कोणत्या जातीला लागतात हे नमुना समोर ठेवून लिहून घेतले पाहिजे, नुसते शब्द गोळा करून भागणार नाही. ज्यांच्या तोंडी ती आहेत ते आता वयस्कर झाले आहेत.

राहता राहिली खाजनातली कुर्ली. ती ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. बांधलेली कुर्ली हातात आली की नांगीच्या मनगटाच्या बाहेरच्या बाजूला बघा. तिथे दोन टोकदार काटे असतील, दोन डोळ्यांच्या मधले दातही उंच असतील आणि सगळ्या पायांवर जाळीसारखी नक्षी दिसत असेल, तर ती 'सेराटा'. मनगटावर एकच काटा किंवा नुसताच उंचवटा, डोळ्यांमधले दात बुटके आणि गोलसर, नांगी तांबूस, तर ती 'ऑलिव्हेसिया'. हे सगळे कुर्ली भांड्यात जाण्याआधी बघावे लागते, शिजल्यावर दोघी सारख्याच लाल होतात.